पदवी आणि पाना

आमच्या कालकथित वडिलांची येझदी मोटारसायकल गेल्या उन्हाळ्यात आम्ही रोह्याहून टेम्पोत घालून पेणला आणली. गाडी १९७५ सालची. वडील धाटावच्या औद्योगिक वसाहतीत फिटर होते. कोलाड, सुकेळी खिंड, नागोठणे, वडखळ करीत त्यांनी आम्हा भावंडांना त्या गाडीवरून कितीदा तरी पेणला आणले होते. त्यांच्या पश्चात ती थोरल्या बंधूंच्या पडवीत सात पावसाळे उभी राहिली. भंगारवाला दारात आला तेव्हा मात्र आमच्याने राहवेना. "आम्ही घरीच दुरुस्त करू," असे छातीठोकपणे सांगून गाडी घेऊन आलो.

आम्ही बी.कॉम. कचेरीत हिशेब तपासणे हा आमचा रोजचा उद्योग. वाटले, यंत्र म्हणजे तरी काय? एका बाजूने पेट्रोल जमा, दुसऱ्या बाजूने धूर खर्च! गाडीचे इंजिन २५० सीसी, टू-स्ट्रोक. सिलिंडर एक, सायलेन्सर दोन. गिअरचा दांडाच आत दाबून वर फिरवला की त्याची किक होते. "साधी गाडी आहे," असे वडील म्हणत. साधी होती ती त्यांना!

पहिला रविवार सायलेन्सरचे गंजलेले नट सोडवण्यात गेला. टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोलबरोबर ऑईलही जळते, त्या काजळीने दोन्ही सायलेन्सर तुंबले होते. ते कॉस्टिक सोड्याने धुताना अंगणातली फरशी खराब झाली आणि आमच्या सहचारिणींचा पारा चढला. दुसऱ्या रविवारी कळले की पिस्टन जाम आहे. प्लगच्या भोकातून डिझेल ओतून दोन दिवस ठेवले तेव्हा तो हलला. नव्या रिंगा आणायच्या तर म्हैसूरचा मूळ कारखाना १९९६ सालीच बंद पडलेला. २०१८ मध्ये जावा आणि २०२२ मध्ये येझदी ही नावे बाजारात परत आली, पण ती इंजिने फोर-स्ट्रोक. त्यांच्या रिंगा आमच्या काय कामाच्या? कुर्ल्याच्या जुन्या सुट्या भागांच्या बाजारात दोन खेपा घातल्या. पहिल्या खेपेच्या रिंगा एक माप मोठ्या निघाल्या. वहीतला खर्च आठ हजारांवर गेला आणि गाडी होती तिथेच होती.

कळस झाला चौथ्या रविवारी. पिस्टनची पिन काढण्यासाठी तिचे बारीक लॉक पकडीने ओढले. ते टुणकन उडाले आणि थेट क्रँककेसच्या पोटात! तासभर बॅटरी मारून पाहिले. शेवटी पाना भिरकावून ओट्यावर बसलो. सहचारिणी म्हणाल्या, "रोह्याला फोन करा."

वाचकहो, तो फोन करणे आम्हाला नट सोडवण्याहून अवघड होते. थोरल्या बंधूंच्या मुलाने दोन वर्षांपूर्वी दहावीनंतर आय.टी.आय.ला मोटार मेकॅनिकसाठी नाव घातले, तेव्हा चार पाहुण्यांदेखत आम्ही त्याला बोललो होतो, "आजोबांनी हात काळे केले, ते तूही काळे करावेस म्हणून नव्हे." पोरगा गप्प राहिला. पण तेव्हापासून त्याने आमच्या घरची पायरी चढली नव्हती. आणि श्रमाला प्रतिष्ठा हवी, म्हणून वस्तीतल्या सभांतून भाषणे ठोकणारेही आम्हीच!

फोन केला. पोरगा दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीने आला. इंजिनात डोकावून एवढेच म्हणाला, "काका, लॉक काढायच्या आधी खाली फडका कोंबायचा असतो." तारेला लोहचुंबक बांधून, क्रँक हळूहळू फिरवीत त्याने लॉक बाहेर काढले. "हे आता बसवायचे नाही. नवीन आणायचे. जुने पुन्हा सुटले तर सिलिंडर खरवडून टाकते." आमच्या पंचवीस वर्षांच्या नोकरीत असा चोख हिशेब आम्हाला फार थोड्यांनी समजावला असेल.

गाडी अजून रस्त्यावर आलेली नाही. नोंदणीची मुदत संपली आहे. आर.टी.ओ. पेणलाच आहे, पण गाडी तिथे दाखवायला चालती तर हवी! २०२१ च्या नियमांप्रमाणे पन्नास वर्षांची गाडी 'विंटेज' म्हणून नोंदवता येते. मात्र मग ती रोज चालवता येत नाही. आम्हाला ती प्रदर्शनात मांडायची नाही, तिच्यावरून रोह्याला जायचे आहे.

मुलांनी शिकावे, पदव्या घ्याव्यात, यात दुमत नाही. पण ज्या हातांनी आम्हाला कॉलेजात धाडले, ते हात हलके कसे? वडिलांना जे येत होते ते आम्ही कधी विचारलेच नाही. नातवाने ते शिकायला घेतले, तर आम्ही त्याला लाज वाटायला लावली.

संध्याकाळी पोरगा मोरीवर हात धूत होता. आम्ही वडिलांची पान्यांची पेटी त्याच्यापुढे ठेवली. म्हटले, "ही तुझी. मागचे बोलणे विसर." त्याने पेटी उघडली, एकेक पाना पुसून जागेवर ठेवला आणि म्हणाला, "काका, आज इथेच राहू द्या. पुढच्या रविवारी लागेल."