चिंचेवरचे माहेर : कोक्करे बेल्लूर

श्रवणबेळगोळच्या यात्रेला निघणारी आपली बहुतेक कुटुंबे बंगळूरला उतरतात, भाड्याची गाडी करतात, जाता-येता म्हैसूरचा राजवाडा आणि वृंदावन उद्यान पाहतात व परतीच्या गाडीला लागतात. या नेहमीच्या मार्गापासून अवघे १२ किलोमीटर आत एक खेडे आहे. सहल-कंपन्यांच्या यादीत त्याचे नाव क्वचितच आढळते. मंड्या जिल्ह्याच्या मद्दूर तालुक्यातील या गावाचे नाव कोक्करे बेल्लूर. कन्नड भाषेत कोक्करे म्हणजे करकोच्याच्या जातीचा पक्षी. बेल्लूर नावाची गावे कर्नाटकात एकाहून अधिक आहेत. याच जिल्ह्यात नागमंगल तालुक्यातही एक आहे. तेव्हा ‘पक्ष्यांचे बेल्लूर’ ही या गावाची ओळख पुढे त्याचे नावच होऊन बसली.

गेल्या मार्च महिन्यात आम्ही उभयतांनी यात्रेच्या कार्यक्रमातून एक सकाळ या गावासाठी राखून ठेवली. बंगळूरहून पहाटे निघून रामनगर, चन्नपट्टण मागे टाकले की रुद्राक्षीपुर लागते. तेथून डावीकडे वळायचे. २०२३ साली खुला झालेला नवा द्रुतगती मार्ग गावांना वळसा घालून जातो, म्हणून चालकाला जुन्या रस्त्यानेच जाण्यास आधी सांगून ठेवावे. वळल्यानंतर दोहों बाजूंस ऊस, भात, नाचणी आणि नारळाच्या बागा दिसू लागतात. कावेरीची उपनदी शिंशा या गावाच्या जवळून वाहते.

गावाला ना कमान, ना तिकीट-खिडकी. कोठे उतरावे, हा प्रश्न चालकाने विचारण्यापूर्वीच सौ. म्हणाल्या, “अहो, वर पाहा.” शाळेच्या जवळच्या एका जुन्या चिंचेवर, खालच्या कौलारू घरापासून पाच-सहा हातांवर, काटक्यांची घरटी एकमेकांना खेटून मांडलेली होती. एकेका घरट्यात राखी पिसांचे थोराड पक्षी दोन-दोन, तीन-तीन पिलांसह बसले होते. खाली एक गृहिणी अंगणात रांगोळी काढत होती, तिच्या पलीकडे गाय बांधलेली होती. कोणी वर पाहत नव्हते आणि वरचेही कोणी खाली पाहत नव्हते. अभयारण्यात आपण दुर्बिणीने पक्षी शोधतो. येथे दुर्बीण पिशवीतून काढण्याची गरजच पडली नाही.

येथे मुख्यत्वे दोन जातींचे पक्षी वीण घालतात. पहिला ठिपकेदार चोचीचा झोळीवाला, ज्याला इंग्रजी नावाने आपण पेलिकन म्हणतो आणि कन्नडमध्ये हेज्जार्ले म्हणतात. चोचीखालच्या कातडी झोळीने मासे पकडून तो पिलांसाठी अन्न आणतो. जगातील संकटाच्या उंबरठ्यावर असलेल्या पक्ष्यांत त्याची गणना होते. दुसरा चित्रबलाक. त्याची चोच पिवळी, चेहरा नारिंगी, अंग पांढरे आणि शेपटीजवळ गुलाबी पिसांचा झुपका. झोळीवाले नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये येऊ लागतात, चित्रबलाक त्यांच्या थोडे मागून. अंडी उबवण्यास सुमारे महिना लागतो आणि पिले उडती होईतो पुढचे काही महिने जातात. मे-जूनपर्यंत बहुतेक झाडे रिकामी होतात.

उन्हे चढू लागली तेव्हा एक दृश्य पाहून आम्ही थबकलो. चित्रबलाकाची एक मादी, किंवा नर असेल, कारण दोघेही हे काम करतात, घरट्याच्या काठावर उभी राहून पंख अर्धवट पसरून निश्चल राहिली. पिले तिच्या सावलीत निवांत बसली होती. सूर्य सरकला तशी तीही किंचित सरकली. आम्ही तेथे होतो तितका वेळ तिने पंख मिटले नाहीत.

बेळगावच्या शाखेत तीन वर्षे काढल्यामुळे मला कामापुरती कन्नड येते. एका ओट्यावर बसलेल्या वयोवृद्ध गृहस्थांना “यजमानरे, नमस्कार” म्हटले, तसे त्यांनी सरकून जागा करून दिली. त्यांच्या परसात दोन चिंचा होत्या आणि दोन्ही भरलेल्या होत्या. गावात पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाणारी हकीगत त्यांनी सांगितली. पूर्वी गाव शिंशेच्या काठावर होते. गेल्या शतकाच्या आरंभी प्लेगची साथ आली, तेव्हा लोक ती वस्ती सोडून आजच्या जागी आले आणि पाठोपाठ पक्षीही आले. “लेक बाळंतपणाला माहेरी येते, तशी ही येतात,” ते म्हणाले. “लेक दारात आली तर कोणी दार लावून घेते काय, स्वामी?”

ही उपमा आपल्या कानांना परकी वाटणार नाही. परंतु आयुष्यभर कर्जदारांचे ताळेबंद वाचलेल्या माणसाला एवढ्यावर उठवत नाही. माहेरपणाला खर्च येतो. तो येथे कोण सोसतो, हे मला जाणून घ्यायचे होते.

हिशेब असा निघाला. चिंच पक्व होऊन उतरविण्याचा काळ जानेवारी ते मार्च-एप्रिल. नेमके याच महिन्यांत झाडावर अंडी आणि पिले असतात. चिंच उतरवायची म्हणजे गड्याने झाडावर चढायचे, फांद्या हलवायच्या, काठीने झोडायच्या. यातील काहीही केले तर घरटी कोसळतील. म्हणून ज्या झाडावर पक्षी बसले त्याची चिंच त्या वर्षी सोडून द्यायची. शिवाय विष्ठेने पाने करपतात, घरट्यांच्या भाराने फांद्या मोडतात, अंगणात माशांचा उग्र वास भरून राहतो आणि कौले धुवावी लागतात. आपल्यापैकी ज्यांचा किराणा भुसाराचा व्यापार आहे त्यांना, जुन्या भरदार झाडाची चिंच सोडणे म्हणजे काय, हे मी सांगावयास नको. छोट्या शेतकऱ्याच्या घरात ती रक्कम वर्षाच्या मिठा-मिरचीची, कधी शाळेच्या फीची असते.

जमेच्या बाजूलाही एक नोंद होती. पक्ष्यांची विष्ठा नत्र आणि स्फुरद यांनी समृद्ध असते. गावकरी झाडांखाली खड्डे खणून, त्यांत तलावातील गाळ घालून हे खत साठवीत आणि ते शेतात टाकीत. रासायनिक खते दुर्मिळ होती तोवर या खताला मोल होते आणि चिंचेचे नुकसान त्यातून बरेचसे भरून निघे. दोन्ही बाजू जवळजवळ जुळत होत्या, उरलेली तूट श्रद्धेने भरून निघत होती. पुढे पोत्यातले खत दारात येऊ लागले आणि जमेची बाजू हलकी झाली. खर्चाची बाजू मात्र होती तेवढीच राहिली, उलट चिंचेच्या भावाबरोबर वाढली.

१९७६ साली कर्नाटक वनखात्यातील अधिकारी एस. जी. नेगिनहाळ यांनी या गावाची पद्धतशीर नोंद घेतली, तेव्हा त्याची वार्ता बाहेर पोहोचली. पुढे बंगळूर शहरात लाखो झाडे लावणारे अधिकारी ते हेच. त्यांच्या ध्यानात आले की, येथे पक्ष्यांचे रक्षण करणारा चौकीदार नसून झाडाचा मालक आहे, आणि त्याला तोटा सोसवेनासा झाला तर रक्षण संपले. त्यातून झाडाच्या मालकास भरपाई देण्याची पद्धत सुरू झाली. घरटी असलेल्या झाडांची मोजदाद व्हावी आणि चिंच न उतरविणाऱ्यास काही रक्कम मिळावी, असा तो व्यवहार. १९९४ मध्ये म्हैसूरच्या निसर्गप्रेमींच्या पुढाकाराने गावातील तरुणांचे ‘हेज्जार्ले बळग’ हे मंडळ उभे राहिले. बळग म्हणजे आप्त-गोतावळा. घरट्यातून पडलेल्या पिलांना कुंपणात ठेवून मासे भरविणे आणि पंखांत बळ आल्यावर सोडून देणे, हे त्यांचे काम. २००७ मध्ये या परिसराला सामुदायिक राखीव क्षेत्राचा दर्जा मिळाला. कर्नाटकातील हे अशा प्रकारचे पहिले क्षेत्र. या तरतुदीचे वैशिष्ट्य असे की, जमिनीची आणि झाडांची मालकी सरकार घेत नाही. मालक मालकच राहतो आणि रक्षणाला आपली संमती देतो.

मग सर्व सुरळीत आहे काय? यजमानांनी हाताने परसाच्या कोपऱ्याकडे दाखविले. तेथे पूर्वी तिसरी चिंच होती. थोरल्या मुलाच्या घराचा पाया तेथे घातला गेला. तिचे लाकूड वीटभट्टीला गेले. ते हे सांगताना खंत करीत नव्हते, लपवीतही नव्हते. भरपाईची रक्कम मिळते, पण चिंचेचा भाव चढला की ती अपुरी पडते. झाड तोडून घर बांधले तर घर कायमचे मिळते. मुलाने दुसऱ्या चिंचेबद्दलही विचारणा केली आहे. “काय सांगितलेत?” मी विचारले. “म्हटले, पिले उडू देत. मग बोलू,” ते म्हणाले. “गेली चार वर्षे असेच म्हणतो आहे.”

चिंता केवळ झाडांची नाही. हे पक्षी गावात राहतात, पण जेवायला बाहेर जातात. तैलूर, मद्दूर येथील तलाव आणि शिंशेचे पात्र ही त्यांची कोठारे. पाणी आटले किंवा दूषित झाले तर गावाची माया कितीही असो, पिले उपाशीच राहणार. २०१७ च्या अखेरीस आणि २०१८ च्या आरंभी येथे एकामागून एक झोळीवाले मरून पडू लागले. तपासणीत त्यांच्या पोटात जंतांचा प्रादुर्भाव आढळला. तो माशांवाटे येतो. ज्या अंगणांत पिले वाढली त्याच अंगणांत मेलेले पक्षी उचलण्याची वेळ गावकऱ्यांवर आली. यजमान त्या हंगामाविषयी दोनच वाक्ये बोलले आणि विषय बदलला.

जीवदया हा शब्द आपल्या घरांत लहानपणापासून ऐकलेला असतो. पांजरपोळाला देणगी, पक्ष्यांना दाणे, पर्वकाळी अभयदान, हे सर्व आपण करतो आणि त्याची पावतीही असते. कोक्करे बेल्लूरमध्ये जे पाहिले ते निराळे होते. तेथे हातातले काही काढून द्यायचे नसते. हातात येऊ शकणारे घ्यायचे नसते. न उतरविलेल्या चिंचेची पावती कोणी फाडत नाही, ती कोणत्याही वहीत जमा होत नाही. अशा नोंद न झालेल्या त्यागावर पक्ष्यांच्या कित्येक पिढ्या वाढल्या. मात्र ज्याची नोंद नाही त्याची परतफेडही कोणी करीत नाही, आणि तेथेच या व्यवस्थेचा कच्चा दुवा आहे. धाकट्या पिढीने हिशेब मांडला तर तिला दोष देता येणार नाही. हिशेब पुरा होईल, एवढी व्यवस्था इतरांनी करावयास हवी. आपल्याकडे इंदापूरला तहसील कचेरीच्या आवारातील चिंचांवरही चित्रबलाक घरटी करतात. परंतु ती झाडे सरकारी आवारातील आहेत. येथील प्रत्येक झाडामागे एक कुटुंब आहे.

ज्या वाचकांना या गावी जावेसे वाटेल त्यांच्यासाठी थोडे उपयोगी. जानेवारीअखेर ते एप्रिल हा उत्तम काळ. सकाळी ७ ते १० ही वेळ साधावी. गावात उपाहारगृहाची अपेक्षा ठेवू नये. मद्दूरचा वडा प्रसिद्ध आहे, पण त्यात कांदा असतो, हे आपल्या वाचकांनी ध्यानात घ्यावे. बरोबर दशमी, खाकरा असलेला बरा. डोक्यावर टोपी असू द्यावी, कारण वरून काय पडेल त्याचा नेम नाही. मुलांना टाळ्या वाजवून पक्षी उडविण्यापासून आवरावे. घाबरलेला पक्षी उठला की उघडी पडलेली अंडी-पिले कावळे आणि घारी हेरतात. छायाचित्रासाठी कोणाच्या अंगणात शिरायचे तर आधी विचारावे. ते अंगण आहे, उद्यान नव्हे. दहाच्या सुमारास निघाल्यास मंड्या-नागमंगल मार्गाने दुपारपर्यंत श्रवणबेळगोळ गाठता येते.

आणि एक. निघताना गावातून काहीतरी विकत घ्यावे. आम्ही यजमानांकडून दोन किलो चिंच घेतली. ती त्यांच्या शेताच्या बांधावरच्या झाडाची होती, जेथे पक्षी बसत नाहीत. भावात घासाघीस करण्याची आपल्या लोकांची सवय सर्वश्रुत आहे, सौ. नी त्या दिवशी ती केली नाही, आणि यजमानांनी तराजूत वर आणखी एक मूठ टाकली.