शेवटच्या पंगतीचें गणित

मेजवानीचें आमंत्रण देण्यास चार गोड शब्द पुरतात. ती पार पाडण्यास मात्र गणित लागतें. हें गणित आम्ही दर वर्षीं विद्यार्थ्यांकडून करवून घेतों, कारण शेंकडेवारीचा उपयोग येथें जसा डोळ्यांस दिसतो तसा पुस्तकांतील उदाहरणांत क्वचितच दिसतो.

आपल्याकडे लग्नांत किंवा नाताळांत मटणाचा रस्सा करण्याचा प्रघात आहे. रस्सा हा मोठा दयाळू पदार्थ! पाहुणे वाढले तर आचारी आणखी एक घागर आधण ओततो आणि यजमानाची अब्रू झांकली जाते. परंतु आतां स्नेहसंमेलनांतून निखाऱ्यांवर मांस भाजण्याची पाश्चात्त्य पद्धति, जिला बार्बेक्यू म्हणतात, तीही दिसूं लागली आहे. तेथें आधणाचा उपाय चालत नाहीं. भाजलेला तुकडा पाण्यानें वाढत नाहीं. उलट विस्तवावर तो आटतो. म्हणून हिशेब आधींच नेमका हवा.

समजा, पाहुणे २०० आहेत व त्यांपैकीं ५० लहान मुलें आहेत. दोन मुलांस मिळून एक वांटा धरला तर एकूण १७५ वांटे झाले. सोबत भाकरी, भात व कोशिंबीर असेल तर एका वांट्यास १५० ग्रॅम भाजलेलें मांस पुरे होतें. म्हणजे एकंदर २६.२५ किलो लागेल. पण खाटकाकडे मिळतें तें कच्चें मांस. भाजतांना पाणी व चरबी निघून जाऊन त्याचें वजन साधारणपणें पाव ते एक तृतीयांश घटतें. आपण शेंकडा ३० घट धरूं.

येथेंच पुष्कळ विद्यार्थी फसतात. ते २६.२५ मध्यें त्याचेच शेंकडा ३० मिळवून सुमारें ३४ किलो असें उत्तर देतात. पण घट होते ती कच्च्या वजनांत. १०० किलोंचे ७० किलो उरतात, म्हणून २६.२५ ला ०.७ नें भागिलें पाहिजे. उत्तर ३७.५ किलो येतें. तफावत सुमारें साडेतीन किलोंची; भाजल्यानंतर ती सोळा वांट्यांची होते.

वर्गांत या चुकीबद्दल आम्ही एक गुण कमी करितों. अंगणांत मात्र तिच्यामुळें सोळा माणसें रिकाम्या ताटापुढें बसतात. आणि तीं माणसें कोणतीं? पहिल्या पंगतीचे मानकरी खचितच नव्हेत. ज्यांनीं सकाळपासून पाणी भरलें, विस्तव फुंकला, इतरांस वाढलें व उष्ट्या पत्रावळी उचलल्या, तींच तीं माणसें. हिशेबांतील उणीव नेहमीं त्यांच्याच ताटांत उतरते.

वरील आंकडा हाडांवांचून घेतलेल्या मांसाचा आहे. हाडांसकट घ्यावयाचें तर सुमारें चौथा हिस्सा हाडांचा जातो. तेव्हां ५० किलो आणावें लागेल. पंचवीस किलोंच्या बोकडाचें साफ केलेलें मांस हाडांसह साधारण १२ किलो भरतें. अर्थात् पांच बोकड.

मग भीतीनें दुप्पट आणावें काय? तेंही शहाणपण नव्हे. आपल्या कडक उन्हाळ्यांत शिजलेलें मांस तासाभराहून अधिक वेळ उघड्यावर राहिल्यास तें खाण्यास धोक्याचें होतें, आणि उरलेलें अन्न गरिबांस वाटलें म्हणजे तो धोका त्यांच्या घरीं जातो. त्यापेक्षां सर्व मांस एकदम न भाजतां पंगतीगणिक भाजावें. राबणाऱ्यांचे वांटे प्रथम मोजून, कच्चेच बर्फांत वेगळे ठेवावे व तीं माणसें बसतील तेव्हांच निखाऱ्यांवर चढवावे. त्यांसही गरम घांस मिळालाच पाहिजे.

विद्यार्थिमित्रांनो, घरीं पुढील कार्य निघेल तेव्हां वडिलांजवळ हा हिशेब तुम्हीं मागून घ्या. आणि माणसें मोजूं लागाल तेव्हां चुलीपाशीं उभीं असलेलीं माणसें आधीं मोजा.