झाडूचा धंदा आणि सात तारीख

जामनेरहून पहूर, वाकोद करीत अजिंठा लेण्यांकडे निघालेल्या प्रवाशाला आपली गाडी फर्दापूरच्या तिठ्याजवळील वाहनतळावर ठेवावी लागते. तेथून पुढचे चारेक किलोमीटर बसने. त्या आवारात उतरणाऱ्याचे लक्ष डोंगराकडे असते. पायाखालची जमीन कोणी झाडली, हे कोणी विचारीत नाही. ती झाडली गेली नाही, तरच ते लक्षात येते.

अशी आवारे आता जामनेर-जळगाव परिसरातही थोडी नाहीत. रुग्णालये, मंगल कार्यालये, शाळा, वाहनांची दालने, जिनिंगची अंगणे. वैशाखात धूळ, वळवाच्या पावसानंतर निंबाचा पाला, आणि गुटख्याच्या पुड्या बारमाही. जिनिंगच्या आवारात तर सुतळीचा किंवा प्लास्टिकचा तुकडा कापसात गेला की रुईची प्रत उतरते; तेथे झाडणे हा मालाच्या भावाचाच प्रश्न असतो. तरीही व्यापारी घरातील मुलाने हे काम कंत्राटाने घेतो म्हटले की वडीलधारे गप्प होतात. स्थळ पाहताना काय सांगायचे, ही खरी अडचण. रजोहरणाला वंदन करणाऱ्या घरात झाडूचा एवढा संकोच का वाटावा, हे कोडेच आहे. ज्या समाजघटकांवर हे काम पिढ्यान्‌पिढ्या लादले गेले, त्यांची अप्रतिष्ठा त्या संकोचात मिसळलेली आहे, हेही नाकारता येत नाही.

सातारा जिल्ह्यातील रहिमतपूरचे हणमंतराव गायकवाड टेल्कोत अभियंता होते. 1997 साली पुण्यात त्याच कारखान्यात आठ माणसांनिशी त्यांनी साफसफाईचे काम घेतले. त्यातून वाढलेल्या बी.व्ही.जी.ने पुढे संसद भवनाच्या स्वच्छतेचे काम केले; 2014 पासून राज्यातील 108 क्रमांकाची रुग्णवाहिका सेवाही चालविली. ही कथा सर्वांना आवडते. आठ माणसांचा पहिला पगार आणि पहिल्या बिलाची रक्कम यांमधले दिवस कसे काढायचे, ही तिच्यातील कमी सांगितली जाणारी बाजू.

समजा, बारा माणसे, प्रत्येकी 14 हजार पगार आणि महिन्याचे बिल दोन लाख. एप्रिलचे बिल 1 मे रोजी दिले आणि रक्कम साठ दिवसांनी, म्हणजे जूनअखेर आली. तोवर 7 मे आणि 7 जून असे दोन पगार झाले: 3 लाख 36 हजार. बिलावरील 18 टक्के जीएसटी पैसे येवोत न येवोत, पुढच्या महिन्याच्या 20 तारखेला भरावाच लागतो. दोन महिन्यांचे 72 हजार. दहा माणसांवर राज्य विमा लागू होतो. त्यात मालकाचा वाटा सव्वातीन टक्के, दोन महिन्यांचे 10 हजार 920. म्हणजे पहिला रुपया हाती येण्यापूर्वी सुमारे 4 लाख 19 हजार गुंतलेले. आणि नफा? महिन्याला पगार व विमा वजा जाता साडेसव्वीस हजार उरतात. त्यांतून खराटे, फिनेल, गणवेश, बोनस आणि रजेवरच्या माणसाच्या जागी आणलेल्या माणसाची मजुरी. तारण ठेवायला झाडूशिवाय काही नसते, म्हणून हा मनुष्य बँकेत गेला की अधिकारी खुर्चीत जरा मागे सरकतो.

दुसऱ्या बाजूला बिल थकवणारे कोण असतात? बहुधा आपणच, ज्यांच्या दुकानासमोरचे, गोदामासमोरचे आवार झाडले जाते ते. सूक्ष्म व लघु उद्योगाचे पैसे लेखी करार असल्यास जास्तीत जास्त 45 दिवसांत, नसल्यास 15 दिवसांत द्यावेत, असा 2006 चा कायदा आहे. आर्थिक वर्ष 2023-24 पासून तर मुदत चुकवलेली रक्कम प्रत्यक्ष दिली त्याच वर्षी खर्चात धरता येते. करसल्लागाराने हे सांगितल्यावर अनेक पेढ्यांत मार्चअखेर धावपळ झाली. सात तारखेला एखाद्या झाडणाऱ्या बाईच्या घरी पगार पोहोचला की नाही, याची विचारपूस त्या धावपळीत क्वचितच झाली असेल.

वाढ करताना यंत्राचा मोह पडतो. काँक्रीटच्या सलग तळावर यंत्र शोभते. मुरमाच्या आवारात पाणी शिंपडून खराटाच चालतो. वीस मैलांवरचे मोठे काम धरण्यापेक्षा एकाच रस्त्यावरची चार लहान आवारे परवडतात. एकच मुकादम पहाटे चारही पाहू शकतो.

चालू धंदा विकत घेण्याची गोष्ट आणखी वेगळी. याच तालुक्यातील वाकोदचे भवरलालजी जैन यांनी 1963 साली सात हजार रुपयांवर रॉकेलच्या विक्रीपासून आरंभ केला आणि 1978 साली केळीच्या भुकटीचा कारखाना तीस लाखांना घेऊन त्यात पपेन काढले. भुकटी गेली तरी इमारत आणि यंत्रे जागेवर होती. झाडण्याचा धंदा घेणाऱ्याच्या हाती मात्र दोन-चार करारपत्रे आणि हजेरीपट येतो. करार महिन्याच्या नोटिशीवर संपतो, माणसे तर त्याहून लवकर जातात. म्हणून शहाणा खरेदीदार वर्षाच्या ताळेबंदाआधी विमा भरल्याच्या पावत्या पाहतो, थकीत बोनस कोणाच्या माथी ते लिहून घेतो, आणि किमतीचा तिसरा हिस्सा करारांचे नूतनीकरण होईपर्यंत राखून ठेवतो. सौद्यापूर्वी एखाद्या पहाटे तो न सांगता आवारात जाऊन उभा राहतो, आणि तेथे झाडणाऱ्या बाईंना मागच्या महिन्याचा पगार कोणत्या तारखेला मिळाला, एवढेच विचारतो.