फाइल उघडली पाहिजे

धुळ्यात मी प्रोग्रॅमिंग शिकलो ते बोरलँड कंपनीच्या टर्बो सीवर. निळा पडदा, वर करडी पट्टी, कंट्रोल आणि एफ-नाइन दाबलं की प्रोग्रॅम धावायचा. पुण्या-बंगळुरातले माझे सहकारी आज त्याचं नाव निघालं की नाक मुरडतात. मला ते जमत नाही. ते साधन जुन्यात जुन्या यंत्रावर चालायचं, इंटरनेट मागायचं नाही, आणि एखाद्या फंक्शनच्या नावावर कर्सर ठेवून कंट्रोल-एफवन दाबलं की त्याची माहिती उदाहरणासकट समोर यायची. ज्या गावात इंग्रजी पुस्तकांचं धड दुकान नव्हतं, तिथे ही केवढी मोठी गोष्ट होती!

त्याची मर्यादाही त्यानेच शिकवली. सातचं फॅक्टोरियल ५०४०, बरोबर यायचं. आठचं ४०३२० यायला हवं, तिथे पडद्यावर वजा २५२१६ उमटायचं. त्या कंपायलरचा पूर्णांक सोळा बिटांचा. ३२७६७ ओलांडलं की आकडा थेट ऋण बाजूला जायचा. पुढे लिनक्सवर जीसीसी या कंपायलरने तोच प्रोग्रॅम चालवला आणि ४०३२० दिसलं, तेव्हा भाषा वेगळी आणि तिचं साधन वेगळं, हे मला पक्कं कळलं. माझा सल्ला आजही असा की टर्बो सी शिकवायचं आता थांबवावं. त्यावरच शिकवल्या जाणाऱ्या सी++चं पहिलं प्रमाण १९९८ सालचं आणि हा कंपायलर त्याआधीचा. त्यावर शिकलेल्या मुलांना नोकरीच्या मुलाखतीत नाहक मान खाली घालावी लागते. पण त्याच्या ऋणाची जाणीव ठेवूनच ते थांबवावं.

माझी साधनांबद्दलची बरीचशी मतं विजेने घडवली आहेत. दोन हजारच्या दशकात खान्देशात भारनियमन इतकं होतं की अभ्यासाचं वेळापत्रक वीज मंडळाच्या वेळापत्रकावरून ठरायचं. जाहीर केलेल्या वेळेत वीज गेली तर ठीक, पण ती अधेमध्येही जायची. गल्लीतून पोरांचा ओरडा यायचा, "लाईट गयी!" आणि घरोघरी तासाभराचं टंकलेखन पुसलं जायचं. यूपीएस परवडणारी घरं थोडी. त्या दिवसांत मला विम हा एडिटर भेटला. उबंटूवाले तेव्हा मागेल त्याला टपालाने फुकट सीडी पाठवत. तशी एक सीडी धुळ्याच्या आमच्या पत्त्यावर आली होती, तिच्यावर तो होता.

विम शिकायला अवघड म्हणतात. खरं आहे. पण त्याच्या पोटात एक सोय आहे, जिच्यासाठी मी ते कष्ट आनंदाने घेतले. दोनशे अक्षरं टंकून झाली, किंवा चार सेकंद बोटं थांबली, की तो न सांगता केलेले बदल शेजारच्या स्वॉप फाइलमध्ये लिहून ठेवतो. वीज आली, यंत्र चालू केलं, फाइल उघडली, की तो विचारतो, मागचं काम अर्धवट राहिलंय, परत आणू का? गेलीच तर शेवटची दोन-चार वाक्यं. हा एडिटर १९९१मध्ये जगापुढे आणणारे ब्रॅम मोलेनार डच होते. विमला त्यांनी कधी किंमत लावली नाही. आवडला तर युगांडातल्या मुलांना मदत करा, एवढंच सांगितलं. ऑगस्ट २०२३मध्ये ते गेल्याची बातमी मी जळगावात वाचली आणि घरातलं माणूस गेल्यासारखं वाटलं. धुळ्याच्या अंधारात त्यांनी माझी किती पानं वाचवली, ते त्यांना कधी कळणार नव्हतं.

व्हीएस कोड या आजच्या एडिटरबद्दल मला कुणी विचारलं तर मी चांगलंच सांगतो. नव्या मुलांना तोच द्यावा. न जतन केलेला मजकूर तोही सांभाळतो. फक्त चार जीबी मेमरीच्या जुन्या लॅपटॉपवर शिकणाऱ्या मुलाला तो घ्यायला लावू नये.

पदवीसाठी मी जळगावला आलो. विद्यापीठ तेव्हा नुसतं उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ होतं; बहिणाबाई चौधरींचं नाव त्याला २०१८मध्ये जोडलं गेलं. जळगाव म्हणजे डाळमिला, सराफ बाजार आणि केळी. इथे प्रोग्रॅमर म्हणून पोट भरायचं तर हिशेबाची सॉफ्टवेअरं करायची, आणि ती बहुतेक फॉक्सप्रोमधली. मायक्रोसॉफ्टने फॉक्सप्रो १९९२मध्ये विकत घेतलं, पुढे नवी आवृत्ती काढणं बंद केलं आणि २०१५मध्ये त्याचा आधारही काढून घेतला. तोवर कितीतरी व्यापाऱ्यांची सगळी खाती त्यात होती. अशाच एका पेढीचा जुना हिशेब काढून द्यायचं काम माझ्याकडे आलं. प्रोग्रॅम नव्या विंडोजवर चालेना, मूळ लिहिणारा गाव सोडून गेलेला. पण फॉक्सप्रोच्या डीबीएफ फाइलची रचना अतिशय प्रामाणिक असते. सुरुवातीला कोणता रकाना किती रुंद याची नोंद, आणि त्यापुढे ओळीने सगळ्या नोंदी. आकडेसुद्धा साध्या अक्षरांत लिहिलेले. पायथनमध्ये छोटा प्रोग्रॅम लिहिला आणि तुरीच्या पोत्यांचे जुने भाव, घेणेकऱ्यांची नावं, सगळं बाहेर आलं. पेढीचे शेठजी पडद्याकडे पाहत एकेक नाव मोठ्याने वाचत होते. त्या दिवसापासून कोणतंही नवं साधन समोर आलं की मी आधी विचारतो: हे उद्या बंद पडलं तर याची फाइल मला उघडता येईल का?

हा प्रश्न मला संगणकाच्या आधी भेटला होता, असं आता वाटतं. लहानपणी नाना, म्हणजे माझे वडील, मला धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळात घेऊन जायचे. इतिहाससंशोधक वि. का. राजवाडे १९२६च्या अखेरीस गेले आणि लगेच १९२७मध्ये त्यांची दप्तरं सांभाळायला हे मंडळ उभं राहिलं. तिथले मोडीतले कागद मला वाचता येत नव्हते, नानांनाही जेमतेमच. तरी ते वाचायला मोडी शिकलेला माणूस आणि उजेड, एवढंच लागतं. मोडीला युनिकोडमध्ये जागा मिळाली २०१४मध्ये; कागद तोवर शांतपणे टिकून होते.

नाना मास्तर. त्यांनी सुट्ट्यांमध्ये गावोगाव फिरून अहिराणी म्हणी, उखाणे आणि जात्यावरच्या ओव्या जमवल्या होत्या. बहिणाबाईंच्या कविता त्यांचा मुलगा सोपानदेव यांनी कागदावर उतरवून ठेवल्या, म्हणून १९५२मध्ये त्या पुस्तकात आल्या, हे ते वर्गात नेहमी सांगत; स्वतःही त्याच ध्यासाने वहीत लिहीत. पुढे त्यांनी ती वही एका डीटीपी केंद्रात टंकून घेतली. वही पुरात भिजली. नाना गेले. राहिली सीडीवरची फाइल, आणि ती उघडली तर रोमन अक्षरं, आकडे आणि विरामचिन्हांचा गुंता.

तो काळच तसा होता. देवनागरी युनिकोडमध्ये १९९१पासून आहे, पण छपाईच्या दुकानांतले फाँट इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवून चालायचे. फाँट हरवला की मजकूर हरवला. त्या फाँटचा जुना छापील तक्ता मिळवून मी एकेक खूण अक्षराशी जुळवली. नुसती जुळवून भागत नाही. ऱ्हस्व वेलांटी तिथे दिसते तशी अक्षराच्या आधी साठवलेली असते, युनिकोडमध्ये ती अक्षरामागून येते. रफार तिथे अक्षरानंतर, इथे त्याचा र आधी हवा. जोडाक्षरावर वेलांटी आली की तिला दोन-तीन खुणा ओलांडून न्यावं लागतं. ही कामं मी पायथन ३मध्ये केली. २००८मध्ये आलेल्या त्या आवृत्तीपासून पायथन मजकुराला युनिकोड मानतो; आधीच्यात 'धुळे' या दोन अक्षरांची लांबी तो बारा सांगायचा, कारण तो बाइट मोजत असे. आता चार सांगतो. वाचणाऱ्याच्या दोनपर्यंत अजून पोचलेला नाही, तरी मराठीत काम करणाऱ्याला मी डोळे मिटून हीच भाषा सुचवतो.

मजकूर बाहेर आला तेव्हा नवी अडचण. स्पेलचेकरने पानंच्या पानं लाल केली. अहिराणीत शाळेची 'शाया' होते, डोळ्याचा 'डोया'. त्याला सगळं चूक. एआयचा सहायक वापरून पाहिला. कोड लिहायला मी तो रोज वापरतो, मन लावून वाचलेली प्रत्येक ओळ घेतो, न वाचलेली घेत नाही. पण नानांच्या ओव्या दिल्यावर त्याने अतिशय नम्रपणे त्या प्रमाण मराठीत सुधारून दिल्या. जात्यावरची बाई नाहीशी झाली. मी ते सगळं मागे घेतलं.

मागे घेता आलं ते गिटमुळे. २००५मध्ये लिनस टॉरवल्ड्सनी लिनक्सच्या कामासाठी केलेलं हे साधन मी नानांच्या ओव्यांना लावलं आहे. साधी युटीएफ-८ फाइल, एका ओळीत एक चरण. कोणती ओळ कधी बदलली, कुणी बदलली, सगळा इतिहास आपल्याच यंत्रावर. नेटवर्क नसलं तरी चालतं. एक प्रत सुरतेच्या चुलतभावाकडे आहे, एक माझ्या मुलीकडे.

शिरपूरच्या आत्याला मी पानं मोठ्या अक्षरांत छापून देतो. ती वाचते, गुणगुणते आणि फोन करते: "आपला गावमा आसं नही म्हनतस, भाऊ." मग ती म्हणून दाखवते, मी ऐकून ओळ बदलतो. गिटमध्ये प्रत्येक बदलाबरोबर करणाऱ्याचं नाव लिहायची जागा असते. तिथे मी तिचं नाव घालतो.