सद्दालपुत्ताचा घडा



गेल्या वर्षी मी सिरॅमिक्सच्या वर्गात नाव घातलं. बाकी सगळी कॉलेजची मुलं, मी एकटी सत्तेचाळीसची. सासूबाईंनी आधीच बजावलं होतं, "माती म्हणजे पृथ्वीकाय, भट्टी म्हणजे अग्निकाय. शिकायचंच तर जयणेनं शीक." म्हणून नियम घेतला, भट्टीत मोजून सहाच वस्तू द्यायच्या. न भाजलेली माती कितीही वाळली तरी पाण्यात भिजवून परत मळता येते. भट्टीत साधारण 600 अंशांपुढे गेली की ती पुन्हा मऊ माती होत नाही. त्यामुळे माझे बाकीचे वाडगे परत बादलीत जायचे.

पहिल्याच महिन्यात वर्गातल्या बऱ्याच वाडग्यांना वाळताना तळाशी चीर गेली. "आपलं नशीब!" कुणीतरी म्हणालं. सर काही बोलले नाहीत. त्यांनी तार घेतली आणि एक ओला वाडगा उभा कापून दाखवला. कडा पातळ, तळ जाड. पातळ भाग आधी वाळून आकसतो, तळ ओलाच राहतो, मग ताण येऊन चीर पडते. उपायही लगेच सांगितला: तळ चाकावरच नीट दाबून घ्यायचा आणि वाडगा झाकून सावकाश वाळवायचा.

मला उपासकदशांगातला सद्दालपुत्त आठवला. पोलासपूरचा मोठा कुंभार, गोशालकाच्या नियतिवादाला मानणारा. भगवान महावीरांनी त्याला विचारलं, ही भांडी कशी झाली? तो म्हणाला, आधी माती होती, ती पाण्यात भिजवली, राख-शेण मिसळून मळली, चाकावर चढवली. मग हे प्रयत्नाने झालं की प्रयत्नाशिवाय? तो म्हणाला, प्रयत्नाशिवाय, सगळं ठरलेलंच असतं. तेव्हा भगवंतांनी विचारलं, कुणी तुझी भांडी फोडली, तुझ्या पत्नीशी, अग्निमित्रेशी गैर वागला, तर? सद्दालपुत्त म्हणाला, त्याला शिक्षा करीन. सगळं ठरलेलंच असेल तर शिक्षा कशाची? तिथे त्याचे डोळे उघडले. पुढे दोघंही श्रावक-श्राविका झाले.

स्थानकात ही कथा कितीदा ऐकली असेल. पण मातीत हात असताना ती थेट माझ्या घरात आली.

माझी लेक सी.ए. फायनलला दुसऱ्यांदा अडकली होती. नातेवाईक म्हणत होते, "तिच्या नशिबात नाही, आता स्थळं बघा." ती गप्प गप्प राहायला लागली होती. एका रात्री मी तिला म्हटलं, "गुणपत्रिका आण, आपण वाडगा कापून बघू." एका ग्रुपला प्रत्येक विषयात 40 टक्के आणि एकूण 50 टक्के लागतात. तिचे सगळे विषय 40 च्या वर होते, कमी पडली ती एकूण बेरजेत. त्यातही एकाच विषयाने खाली ओढलेलं. ती बराच वेळ त्या कागदाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "मम्मी, म्हणजे मला सगळंच येत नाही असं नाही."

त्या एका विषयासाठी तिने वेगळी शिकवणी लावली. परीक्षा झाली, निकाल यायचाय. पूर्वकर्म आहेच, ते मी नाकारत नाही. पण चीर पडली की आधी तळ बघावा, कर्माचं नाव नंतर घ्यावं. स्थळांचं म्हणाल तर मी सगळ्यांना सांगितलंय, निकालापर्यंत थांबा. सासूबाई माझ्या बाजूने आहेत.