तबकडीच्या गतीची साक्ष
जिंतुरात रात्री बाजारपेठेचा कोलाहल ओसरला की, ग्रामोफोनच्या थाळीची गती पारखून घेण्याचा माझा शिरस्ता आहे; कारण हिराबाई बडोदेकरांचा षड्ज यंत्राच्या लहरीनुसार चढू-उतरू लागला, तर त्या श्रवणास श्रवण म्हणणे न्यायाचे होणार नाही. मिनिटास ७८ फेऱ्यांच्या जागी ८२-८३ फेरे झाले, तर संपूर्ण गायन जवळजवळ अर्ध्या स्वराने वर जाते, लय उतावीळ होते, आणि आयुष्यभराच्या साधनेने निश्चित झालेल्या स्वरस्थानात आपला अनधिकृत हस्तक्षेप घडतो.

परीक्षेचे साधन साधे आहे. आपल्या तालुक्यातील येलदरीच्या जलविद्युत केंद्रातून निघणारी वीजही सेकंदास ५० आवर्तनांचीच असते, आणि तिच्यावर निऑनचा दिवा सेकंदास १०० वेळा उजळतो. त्या उजेडात ७७ रेघांची चकती थाळीवर फिरू दिली असता, गती योग्य असल्यास रेघा निश्चल भासतात, मंद असल्यास मागे आणि जलद असल्यास पुढे सरकतात, आणि त्यानुसार गतीचा स्क्रू अलगद फिरवावा लागतो.

परंतु मोटर आणि दिवा दोन्ही एकाच विजेवर चालत असल्याने, आवर्तने घटली तर दोन्ही मंदावतात आणि निश्चल रेघा खोटी ग्वाही देऊ शकतात. म्हणून तबकडीवर कागदाची खूण करून, घड्याळाच्या एका मिनिटात ७८ फेरे मोजण्याची स्वतंत्र साक्षही मी घेतो. गतकालीन गायकांचे स्वर ही आपल्या हाती आलेली अमानत आहे, आणि अमानतीच्या हिशेबात अर्ध्या स्वराचीही तूट क्षम्य नाही.