भिंतीतला चौथा हिस्सा

मुलांनो, कऱ्हाडहून सांगलीला एस.टी.नं निघालात तर खिडकीची जागा धरा हं! कऱ्हाडला प्रीतिसंगमावर कृष्णा नि कोयना समोरासमोर येऊन भेटतात आणि मग कृष्णामाई सांगलीकडे निघते. तिच्या काठच्या मातीच्या विटा पाडतात. उन्हाळ्यात धुमसणारी वीटभट्टी दिसली, की शेजारच्याला एक गणित घाला.

भिंत ३ मीटर लांब, २ मीटर उंच, २० सेंटिमीटर जाड. विटा किती लागतील?

प्रमाण वीट १९×९×९ सेंटिमीटरची. सांध्याचा १ सेंटिमीटर धरला की २०×१०×१०, म्हणजे २,००० घनसेंटिमीटर. भिंत १२,००,००० घनसेंटिमीटरची. भागाकार करा. ६०० विटा! फुटतुटीसाठी आणखी ३० घ्या. गावच्या भट्टीतली वीट वेगळ्या मापाची असते, तेव्हा आधी पट्टी लावून बघा.

खरी गंमत पुढंच आहे. नुसत्या ६०० विटांचं घनफळ भरतं ९,२३,४००. मग उरलेली जागा कुणाची? सिमेंट, वाळू नि पाणी कालवून केलेल्या मालाची! जवळजवळ चौथा हिस्सा.

तो फारसा नजरेत भरत नाही, पण भिंतीला धरून ठेवतो तोच. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे याच सातारा जिल्ह्यात कोयनेचा भूकंप झाला. माती लावून रचलेल्या दगडी भिंती ढासळल्या, झोपेतली माणसं खाली सापडली. दगड टणक होते, पण त्यांना धरणारी माती कच्ची होती.

म्हणून गवंडीकाका माल मागतील तेव्हा हात आखडायचा नाही. चला, आता तुमच्या वर्गाची भिंत मोजा पाहू!